आबांचा सपाट घाट

“घाट कुठाय माझा? आरं ए फोटोवाल्या, घाट कुठं घातलास माझा?”

हे ओरडणं घोडेगावच्या एस.टी. स्टँडपर्यंत गेलं. तिथं डोंगराकडं निघालेल्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तो लाजून थांबला. माझ्या स्टुडिओच्या काचेतला नवरा-नवरीचा फोटो खिळ्यावरून सुटून खाली आला. मी वाढवून सांगतोय असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच कबूल करतो, तो खिळा सहा महिन्यांपासून ढिला होता.

ओरडत होते बोरी बुद्रुकचे आबा. वय साठीच्या पुढं, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि आवाजाला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके अपुरे पडत. त्यांच्या एका काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं, आणि हातात मी आठ दिवसांपूर्वी त्यांना दिलेला मोठा फोटो होता. त्यांच्या म्हाताऱ्या बैलाच्या शेवटच्या शर्यतीचा फोटो.

त्यांनी तो काउंटरवर आपटला. “हे काय हाय?”

“घाट,” मी म्हणालो.

“ह्यो घाट? ह्ये खळं हाय! ह्याच्यावर मी बाजरी मळीन!”

आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढण. गावाच्या जत्रेला गाडा खालून सुटतो, चार बैल, गाड्यावर माणूस कुणी नाही, पुढं एक घोडी आणि मागं धुरळा. वर निशाण पडेपर्यंत जे काही सेकंद लागतात त्याला बारी म्हणतात. त्या सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला स्वतःच्या पोरापेक्षा चांगलं खाऊ घालतात. म्हणजे घाटात चढ हवा. चढ नसेल तर बैल नुसता शेतात पळाला, आणि शेतात काय, रेडकूही पळतं.

आबांचा राग मला कळत होता. मला कळत नव्हतं ते एवढंच, की ही बातमी त्यांना सांगायची कशी. कारण तो माझ्या आयुष्यातला घाटाचा पहिला सरळ फोटो होता.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

नव्वदीच्या सुरुवातीला मी एक जुना कॅमेरा घेऊन घोडेगावात दुकान टाकलं. कॅमेरा चांगला होता. वाकडं होतं ते माझं उजवं बोट. बटण दाबताना माणसानं बटण दाबावं, मी कॅमेऱ्याची उजवी बाजूच खाली दाबायचो. फोटो निघायच्या नेमक्या क्षणी कॅमेरा उजवीकडं बसायचा, आणि त्यामुळं फोटोत जमीन उजवीकडून वर उचलली जायची. एक-दोनदा नाही, दर वेळी. जगात सूर्य एखाद दिवस ढगात जात असेल, माझ्या फोटोत जमीन उजवीकडं चढणं चुकलं नाही.

लग्नात त्यामुळं मोठी मजा व्हायची. नवरा-नवरी पाटावरून घसरत डाव्या बाजूच्या मामाच्या अंगावर निघालेत, आणि मामा आता पळावं की थांबावं अशा विचारात, असा प्रत्येक अल्बम. एका लग्नाचा पंगतीचा फोटो मी दिला, तर घरातली म्हातारी तो तिरपा धरून बघायला लागली. का, तर द्रोणातली आमटी सांडेल म्हणून. धरणाच्या काठावर एका कुटुंबाचा फोटो काढला, त्यात मागचं पाणी उजवीकडं इतकं चढलं होतं की त्यांच्या मुंबईच्या पाहुण्यानं पत्र पाठवून विचारलं, धरण फुटलं त्यात आपलं रान गेलं का. एका कचेरीत निरोप समारंभाचा फोटो काढला. त्यात सगळे साहेब एका दिशेनं कललेले. साहेबांपुढं कुणाला बोलायची सोय नव्हती, म्हणून कचेरीनं फोटो घेतला, आणि पुढच्या समारंभाला मंचरचा फोटोवाला बोलावला.

लग्नातली गिऱ्हाइकं तुटत गेली. पण घाटानं मला वाचवलं.

झालं असं, की आमच्या बाजूच्या एका गावाच्या घाटाला उजव्या अंगाला एक मोठं आंब्याचं झाड आहे. चैत्राच्या उन्हात दिवसभर फोटो काढणारा माणूस सावली बघणारच. मी त्या झाडाखाली उभा राहायचो. तिथून बघितलं की बैल डावीकडून उजवीकडं चढत जाताना दिसतात. माझी जमीनही उजवीकडंच चढायची. आता या दोन गोष्टी एकावर एक ठेवा. देवानं दिलेला चढ, त्यावर माझ्या बोटानं दिलेला चढ. फोटोत तो घाट असा उभा राहिला, की शिवनेरीचा कडा त्याच्यापुढं ओटा वाटावा. चार बैल आभाळात चाललेत, गाडा मागं लोंबकळतोय, चाकाखालून खडे खाली कोसळतायत.

पहिला फोटो ज्याच्या गाड्याचा होता, तो मालक बघून रडला. मी त्याला सांगितलं, माझ्या कॅमेऱ्याची काच साधी नाही, तिला चढ कळतो.

मग काय विचारता! पुढं प्रत्येक घाटावर मी तीच बाजू धरली. जत्रांच्या दिवसांत मला जेवायला घरी जायला फुरसत नसे. जुन्नरपासून पारगावपर्यंत ज्याच्या दावणीला पळणारा बैल, त्याच्या बैठकीत माझा फोटो. “घाट काढावा तर त्यानंच,” असं लोक म्हणायचे. काहीजण स्वतःच्या जत्रेतला फोटो बघून गावच्या पंचांना सांगायला गेले, की आपला घाट फार उभा आहे, बैलांना त्रास होतो, थोडा उतरता करा. एका गावानं तर घाटावर मुरूम टाकायचा ठराव केला होता म्हणतात. तो ठराव मी वाचलेला नाही, पण मुरूम मी बघितलाय.

आठ-नऊ वर्षं हे असं चाललं. काच चढ ओळखते हे मी एवढ्या वेळा सांगितलं होतं, की मलाही ते बरंच पटलं होतं.

माझ्या दुकानाच्या समोर एक मिस्त्री राहायचे. गवंडीकाम करायचे, बोलायला कमी, आणि बोलले की प्लास्टर केल्यासारखं, वर काही चिकटवायला जागा नाही. दुकानाला एक खोली वाढवायची म्हणून मी त्यांना बोलावलं. भिंत बांधता बांधता ते दुकानात चहा प्यायला यायचे आणि काचेतले फोटो बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाचा कान सोडला आणि म्हणाले, “भाऊ, तुमच्या फोटूत एक बी भिंत उभी न्हाई.”

मी म्हणालो, “मिस्त्री, लोक नवरी बघतात. भिंत कोण बघतो?”

“म्या बघतो. समद्या भिती एकाच बाजूला पडत्यात. माझी असती तर लोकांनी मला घरी बसवलं असतं.” मग त्यांनी मला रिकामा कॅमेरा डोळ्याला लावायला सांगितला, स्वतः शेजारी उभे राहिले आणि बटण दाबायला लावलं. एकदा दाबलं. दोनदा दाबलं. “डोळं सरळ हाय तुमचं,” ते म्हणाले, “बोट वाकडं हाय. बटन दाबता का खिळा ठोकता?”

एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं कुणी, तर ज्यानं आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता त्यानं.

त्यानंतर पंधरा दिवस मिस्त्रींनी मला शिकवलं. कॅमेऱ्यावर एक वाटी ठेवायची, वाटीत पाणी, आणि ते न सांडता बटण दाबायचं. पहिल्या आठवड्यात एवढं पाणी सांडलं की माझ्या उंबऱ्याशी मेथी उगवली. मेथी नव्हती म्हणता, तर हिरवं काहीतरी नक्की होतं. मिस्त्री समोरच्या परातीत सिमेंट कालवत ओरडायचे, “बसला! उजवीकडं बसला!” आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे, की हा फोटोवाला आता नेमका कुठल्या देवाला पाणी घालतोय.

हळूहळू जमलं. कोपरं बरगडीला टेकवायची, लटकती ठेवायची नाहीत. श्वास अर्धा सोडायचा आणि तिथंच धरायचा. आणि बटण दाबायचं कसं, तर नारायणगावच्या बाजारात जाणता माणूस टोमॅटो दाबून बघतो तसं. टोमॅटोला कळता कामा नये, आपल्याला कळलं पाहिजे. मग डोळ्याला लावल्यावर आधी माणसाकडं बघायचंच नाही. चौकटीत एखादी उभी वस्तू शोधायची, मांडवाचा खांब, दाराची चौकट, काही असो. ती चौकटीच्या कडेला लावून सरळ करायची, आणि मग नवरा-नवरीला हसायला सांगायचं. त्या वर्षी लग्नात पहिल्यांदाच मामा निवांत उभे दिसले.

पण घाटावर हे काही चालेना. घाटावर उभं असं काही नसतंच. जमीन तिरकी, तिच्यावरची बाभळ तिरकी, माणसांचे बसायचे दगड तिरके, विजेचा खांब असेल तर तो मंडळाच्या कृपेनं आधीच कललेला. आणि आपण स्वतः एक पाय वर, एक पाय खाली. थोड्या वेळानं शरीरच चढाशी जुळवून घेतं, आणि डोळ्याला चढ सपाट वाटायला लागतो. हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी विड्याचं पान दाढेखाली सरकवलं आणि म्हणाले, “घाटाकडं बघूच नका. पलीकडं उभा ऱ्हायल्याला माणूस बघा. चढावर असला तरी माणूस उभाच ऱ्हातो, पडायचं नसंल तर.”

एवढी साधी गोष्ट होती. मग मी असंच करायचं ठरवलं. घाटाच्या पलीकडच्या अंगाला एखादा थकलेला, हालचाल न करणारा गडी हेरायचा, त्याला चौकटीच्या कडेशी सरळ लावायचा, आणि बैल येईपर्यंत त्याच्यावरून डोळा काढायचा नाही. बैल आपोआप येतात. त्यांना यायचंच असतं.

त्याच वर्षी आबांनी मला बोलावलं.

त्यांचा बैल पांढराफेक, एक शिंग थोडं आत वळलेलं, आणि बारा-तेरा वर्षं त्या दावणीला. तारुण्यात त्यानं काय काय पळून दाखवलं होतं ते आबा सांगायला लागले की ऐकणाऱ्याला दम लागायचा. आता त्याचे गुडघे बोलायला लागले होते. “ही शेवटची बारी, त्या आंब्याच्या घाटावर,” आबांनी मला सांगितलं. “ह्याच्यानंतर त्यो पळायचा न्हाई. त्याचा एक तरी फोटू माझ्या बैठकीत पायजे. आजवर काढलाच न्हाई. दरवर्साला म्हनायचो, फुडल्या बारीला काढू.”

आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा, ते म्हणाले, “पारगावच्या साडूच्या घरी हाय तसा काढ.”

आबांचे पारगावचे साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या बहिणीचे यजमान. साडूंचाही गाडा होता. त्यांच्या बैठकीत त्याच घाटाचा, त्याच आंब्याखालून काढलेला माझाच एक फोटो होता, वाकड्या बोटाच्या काळातला. आबा तिथं चहाला गेले की साडू फोटोकडं बोट करून म्हणायचे, “दाजी, बैल तुमचाबी चांगला हाय. पर ह्या चढाला छाती लागती.” हे सात-आठ वर्षं चाललं होतं. त्याच घाटावर आबांचा बैल साडूंच्या बैलापेक्षा कितीतरी वेळा लवकर वर गेलेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण भिंतीवर पुरावा साडूंचा होता.

मी आबांना हो म्हणालो. बोट सरळ झाल्याचं बोललो नाही. खरं सांगायचं तर अभिमान होता. वाटलं, सरळ फोटो बघून आबा खूश होतील.

बारीच्या दिवशी मी आंब्याखाली उभा राहिलो. पलीकडं एक म्हातारा छत्री घेऊन उभा होता. त्याला मी चौकटीच्या कडेशी लावला आणि थांबलो. आबांचा गाडा सुटला आणि तिथंच गडबड झाली. म्हातारा बैल दोन पावलं टाकून अडला. त्याच्या जोडीचा तरणा बैल ओढायला बघत होता, घोडी पुढं निघून गेली होती, लोक हसायला लागले. तेवढ्यात आबा मागून धावले. एरवी गाडामालक खालीच राहतो. गाडा सोडायचा आणि वर कान लावून उभं राहायचं, हा रिवाज. पण आबा धावले ते थांबलेच नाहीत. गाड्याच्या मागं, डोक्यावरचा फेटा हातात धरून, बैलाला नावानं हाका मारत ते सगळा घाट चढले. बैलानं आवाज ओळखला आणि पळाला. भोंग्यावरचा माणूस बोलत होता, “मंडळी, मालक बी पळतोय! मालकाची बारी येगळी धरायची का?” आणि सगळा घाट हसत होता.

ते माझ्या समोर आले तेव्हा उजवीकडं वर बैल होते, डावीकडं खाली, अगदी कोपऱ्यात, आबा. मालक आणि बैल घाटावर एकाच चौकटीत, हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. श्वास अर्धा सोडला. टोमॅटो दाबला.

गाड्याचा नंबर आला नाही. वर पोचला एवढंच.

तर तो फोटो आता माझ्या काउंटरवर होता, आणि आबा त्याच्यावर बाजरी मळत होते.

फोटो सपाट नव्हता. चढ होता, पण जेवढा होता तेवढाच होता. नुसत्या डोळ्यांना दिसतो तेवढा. आबांना तो तेवढा नको होता. त्यांनी काखेतला टॉवेल उघडला. त्यात साडूंच्या बैठकीतला फोटो होता, फ्रेमसकट.

“हा कसा आणला?” मी विचारलं.

“मेव्हणीला म्हनलं, काच मळलीया, बदलून आनतो.” त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. “बघ आता. त्योच आंबा. त्योच घाट. त्याचा भितीवानी उभा, माझा अंगनावानी. म्या काय घोडं मारलं व्हतं तुझं? म्हातारा बैल परत पळायचा न्हाई, सांगितलं व्हतं तुला. आता दुसरा फोटू आनू कुठनं?”

उत्तर माझ्याकडं होतं, पण त्या उत्तरात आठ-नऊ वर्षांचे, दोन तालुक्यांतले सगळे फोटो होते. मी छताच्या पंख्याकडं बघायला लागलो. पंखा फिरत नव्हता.

आरडाओरडा ऐकून समोरून मिस्त्री आले. हाताला सिमेंट, खिशात ओळंबा, म्हणजे भिंत उभी आहे का बघायला दोरीला बांधलेलं वजन. त्यांनी दोन्ही फोटो बघितले. मग साडूंची फ्रेम दोन्ही हातांनी उभी धरायला आबांना सांगितलं, आणि तिच्यावरून ओळंबा सोडला.

“ह्यो कडंचा खांब बघा, आबा. दोरी कुठं आन् खांब कुठं. ह्ये बघाया आलेली मानसं बघा. समदी डावीकडं कलल्यात.” मिस्त्रींनी दोरी गुंडाळली. “एक तर त्या दिवशी वादळ व्हतं, न्हाईतर फोटूवाला.”

आबांचं लक्ष साडूंच्या घाटाकडं होतं. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजी साडूचा घाट खोटा?”

“घाट खरा हाय,” मिस्त्री म्हणाले. “फोटू वाकडा हाय.”

“आत्ता जातो पारगावला!” आबा उठले. दारापर्यंत गेले. परत आले आणि स्टुलावर बसले. “जाऊन सांगू काय? खांब बघा म्हनू? लोकं बैल बघत्यात, खांब कोन बघतंय? आठ वर्सं मी बघितला न्हाई.” त्यांनी साडूंची फ्रेम पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, “मलाबी वाकडा दे.”

“आबा, मी आता वाकडं काढत नाही.”

“मग आधी कशाला काढत व्हतास?”

मी निगेटिव्हचं पाकीट शोधायला लागलो.

मी निगेटिव्ह घेऊन पुण्याला गेलो. तिथं एका लॅबमध्ये हातानं मोठे फोटो करून देणारा एक गृहस्थ होता. मी त्याला म्हणालो, हा फोटो उजवीकडून उचलायचा आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळे लोक वाकडे फोटो सरळ करून घ्यायला यायचे. त्याच्या सगळ्या नोकरीत सरळ वाकडा करायला आलेला मी पहिला असणार. त्यानं यंत्राखाली कागद फिरवला आणि म्हणाला, “होईल. पण फिरवला की कोपरे जाणार. ह्या खालच्या कोपऱ्यातला म्हातारा जाईल.”

“तो मालक आहे.”

“मग मालक जाईल.”

मी त्याला फोटो थोडा लहान करता येईल का, अमुक होईल का, तमुक होईल का, असं बराच वेळ विचारलं. त्यानं मला कागद फिरवून फिरवून दाखवलं. चढ जसा उभा होत गेला तसे आबा कागदाच्या खालून बाहेर सरकत गेले. साडूंच्या घाटाएवढा चढ आला तेव्हा आबांचा फक्त एक हात राहिला होता, आणि त्या हातात फेटा. आबा हवेत तर घाट जेवढा होता तेवढाच. घाट उभा हवा तर आबा नाहीत.

मी दोन्ही करून आणले. वाकडा आणि आणखी एक सरळ, सारख्याच आकाराचे.

आबा आले. मी दोन्ही काउंटरवर ठेवले आणि कोपऱ्याचं सांगितलं. त्यांनी आधी वाकडा उचलला. बैल आभाळात चालले होते, आत वळलेलं शिंग ढगात होतं, गाडा लोंबकळत होता. त्याच्यापुढं साडूंचा घाट म्हणजे गल्लीतला चढ. आबांनी तो बघितला, खालच्या कडेचा हात बघितला. मग सरळ उचलला. त्यात ते स्वतः होते, तोंड उघडं, धोतराचा सोगा सुटलेला, फेटा हातात, आणि पुढं त्यांचा बैल. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

मग दोन्ही फोटो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळले आणि स्टँडकडं गेले. जाताना साडूंची फ्रेमही नेली. काच मी खरंच बदलून दिली होती.

त्यानंतर पावसाळा गेला. दिवाळीनंतर बोरीत एका लग्नाला मला बोलावलं होतं, तेव्हा आबांकडं चहाला गेलो. बैठकीत समोरच्या भिंतीवर वाकडा फोटो होता, मोठ्या सोनेरी फ्रेममध्ये. पारगावचे साडू येऊन बघून गेले होते. चहा न पिता गेले, असं आबांच्या बायकोनं सांगितलं. आणखी एक पाहुणे तिथं बसले होते, त्यांनी माझ्यादेखत विचारलं, “आबा, ह्यो खालचा हात कुनाचा?”

“आसल कुनाचा तरी,” आबा म्हणाले.

चहा झाल्यावर ते मला म्हातारा बैल दाखवायला गोठ्यात घेऊन गेले. बैल बसून रवंथ करत होता. त्याच्या समोरच्या भिंतीवर, धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या कागदात घातलेला, सरळ फोटो होता. मी सवयीनं एक डोळा मिटून बघितला. भिंतीला वाकडातिकडा मातीचा गिलावा, वरचं छप्पर कललेलं, पण फोटो काटेकोर सरळ टांगलेला होता.

“आबा,” मी विचारलं, “हा इथं का लावला?”

आबांनी बैलापुढं वैरणीची पेंढी सोडली.

“त्यो चढलाय की. त्येला म्हाईत हाय घाट केवढा हाय त्यो.”